टिपूचं सागवानी जहाज देवमाशांच्या धंद्यात

एक जहाज टिपू सुलतानासाठी युद्धनौका म्हणून बांधलं गेलं. इंग्रजांनी ते १७९९ मध्ये घेतलं आणि लंडनच्या व्यापाऱ्यांनी देवमाशांच्या शिकारीला लावलं. १८१३ मध्ये अमेरिकन नौदलाने ते गालापागोस बेटांजवळ पकडून त्यावर पुन्हा तोफा चढवल्या. वर्ष उलटायच्या आत बंडखोर खलाशी ते पळवून सिडनीला घेऊन गेले, आणि तिथून ते परत देवमाशांच्या मागे लागलं. जहाजाचं नाव 'सेरिंगापटम'. एकच सांगाडा लढाईलाही चालतो आणि चरबी कढवायलाही, हे कसं जमलं? तीन गोष्टी नीट पाहिल्या की कोडं सुटतं: लाकूड, कागदपत्रं आणि माणसांची संख्या.

नाव म्हणजे श्रीरंगपट्टणचा इंग्रजी उच्चार. ४ मे १७९९ ला ही टिपूची राजधानी पडली, टिपू मारला गेला आणि इंग्लंडमध्ये त्या विजयाचा इतका गाजावाजा झाला की जहाजांनाही गावाचं नाव मिळालं. हे जहाज श्रीरंगपट्टण जिंकताना तिथेच हाती लागलं असं कधी कधी लिहिलं जातं. नकाशा उघडला तर त्यातली गफलत लगेच दिसते. श्रीरंगपट्टण कावेरीच्या बेटावर आहे, समुद्रापासून दीडशेएक किलोमीटर आत. समुद्रात चालणारं जहाज पकडायचं तर ते किनाऱ्यावरच पकडावं लागेल.

टिपूच्या आरमाराचा कारखाना किनाऱ्यावरच होता. १७९६ च्या सुमारास त्याने आरमाराची नवी व्यवस्था लावली. मोठ्या लढाऊ नौका वीसएक आणि फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकाही तितक्याच, असा बेत होता. गोद्या मंगळूरला, कुमट्याजवळच्या मिरजान खाडीत आणि कारवारजवळ सदाशिवगडाला, म्हणजे शेवटची तर गोव्याच्या उंबरठ्यावर. मागे सह्याद्रीचं सागाचं जंगल आणि लाकूड खाली आणायला नद्या, त्यामुळे जागा अगदी योग्य निवडल्या होत्या. बेत मात्र तीन वर्षांतच राज्याबरोबर संपला.

सागामुळे काय फरक पडतो

युरोपात जहाजं ओकची. ओक मजबूत असतो, पण त्यात आम्ल असतं. त्यात ठोकलेला लोखंडी खिळा वर्षानुवर्षं गंजत राहतो, भोवतालचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं आणि फळ्यांची पकड सुटते. उष्ण, दमट हवेत हे आणखी लवकर होतं. सागात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे लोखंड टिकतं, बुरशीजन्य कुज कमी लागते, आणि ऊन-पाण्याच्या माऱ्यात लाकूड फारसं फुगत-आकसत नाही, म्हणून सांधेही कमी उघडतात. दोन-तीन वर्षं घरी न परतणाऱ्या, विषुववृत्ताच्या आसपास घिरट्या घालणाऱ्या जहाजाला याहून चांगलं लाकूड नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' १८१७ ची आहे आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाहता येते.

सागाला काहीच होत नाही, असं मात्र नाही. पाण्याखालची लाकडं पोखरणारी समुद्री कीड त्यालाही लागू शकते. त्यावर उपाय म्हणजे तळाला तांब्याचे पत्रे. त्यातही एक धोका आहे: खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना लागून राहिले की लोखंड झपाट्याने झिजतं. इंग्रज नौदलाने १७८० च्या आसपास घाईघाईने सगळ्या ताफ्याला तांबं मारलं आणि लोखंडी बोल्ट आतून संपत चालल्याचं नंतर लक्षात आलं. पुढे पाण्याखालचे बोल्टसुद्धा तांब्याच्या मिश्रधातूचे वापरायला लागले.

पकडलेलं जहाज धंद्यात कसं येतं

इंग्लंडच्या नौकानयन कायद्यांनुसार परदेशी बांधणीच्या जहाजाला ब्रिटिश जहाजाच्या सवलती मिळत नसत. याला एक मोठा अपवाद होता, युद्धात पकडलेलं जहाज. त्याची पद्धत ठरलेली होती. पकडणाऱ्याने जहाजावरची सगळी कागदपत्रं सीलबंद करून ॲडमिरल्टी न्यायालयात, म्हणजे समुद्री खटल्यांच्या न्यायालयात द्यायची. पकडलेल्या जहाजावरच्या काही जणांच्या ठरावीक प्रश्नावलीवर जबान्या व्हायच्या. कोणाचा हक्क असेल तर त्याने पुढे यावं म्हणून जाहीर सूचना लागायची. मग न्यायालय जहाज 'कायदेशीर लूट' ठरवायचं, लिलाव व्हायचा, आणि त्या निकालाच्या आधारावर खरेदीदार ब्रिटिश नोंदणी करून घ्यायचा. निकालाचा कागद नसेल तर जहाज कितीही चांगलं असो, व्यापारी त्याला हात लावत नसे.

नवं जहाज बांधायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं. लिलावात तयार सांगाडा मिळतो. त्या काळी इंग्लंडचं सरकार दक्षिण समुद्रातल्या देवमासेमारीला बक्षिसं देत होतं. १७८९ मध्ये एंडर्बी कंपनीच्या 'एमिलिया'ने दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्ये स्पर्म देवमासे मारले, तेव्हापासून लंडनचे मालक तिकडे जाणारी दणकट जहाजं शोधतच होते. म्हणून लढाईत पकडलेली बरीच जहाजं या धंद्यात आली.

'सेरिंगापटम'चं माप ३५७ टन. ही संख्या वाचून फसू नका, ते जहाजाचं वजन नाही. त्या काळच्या सूत्रात लांबीतून रुंदीचा तीन-पंचमांश वजा करायचा, त्याला रुंदीने आणि मग अर्ध्या रुंदीने गुणायचं, आणि आलेल्या आकड्याला ९४ ने भागायचं. सगळी मापं फुटांत. म्हणजे हा आकार मोजण्याचा प्रकार. साडेतीनशे टनांचं जहाज देवमासेमारीत चांगलं मोठं समजलं जाई आणि त्यात साधारण दोन हजार पिंपं तेल मावत असे.

तोफा उतरवून कढया चढवायच्या

पहिलं काम वजनाचा तोल. नऊ पौंडी (म्हणजे नऊ पौंडांचा गोळा फेकणारी) लांब तोफ गाड्यासकट दीड टनाच्या आसपास भरते, आणि हे वजन जहाजाच्या वरच्या भागात असतं. ते एकदम काढलं तर जहाज फार ताठ होतं: लाटेवर कललं की झटक्याने परत सरळ येतं आणि तो झटका डोलकाठ्यांना बसतो. म्हणून तळातला भार नव्याने लावावा लागतो. देवमासेमारीत हा भार बराचसा पिंपांचाच असे. जाताना पिंपांत गोडं पाणी, खाणं आणि सामान भरायचं, काही पिंपांच्या फळ्या सुट्या बांधून न्यायच्या, आणि तेल येत जाईल तशी पिंपं मोकळी करत जायचं. हा हिशेब बघायला जहाजावर पिंपं बांधणारा कारागीर हवाच. तो आजारी पडला तर शिकार मिळूनही तेल ठेवायला जागा नाही, असा प्रसंग येई.

दुसरं काम भट्टीचं. पुढच्या डोलकाठीच्या मागे डेकवर विटांची भट्टी, त्यात दोन किंवा तीन ओतीव लोखंडी काहिली, प्रत्येकीत साताठशे ते हजारेक लिटर मावेल एवढ्या. लाकडी जहाजावर धगधगती भट्टी पेटवायची म्हणजे खाली काहीतरी आडोसा हवा. म्हणून विटांच्या तळाखाली उथळ हौद असे आणि त्यात सतत पाणी. पाणी आटलं आणि पाहणारा डुलकी घेत असेल तर डेकच्या फळ्या तापून पेटायच्या. या धंद्यात जहाजं जळण्याचं हे नेहमीचं कारण.

तिसरं काम होड्यांचं. दोन्ही बाजूंना होड्या टांगायचे आकडे, वर सुट्या होड्या. देवमाशावर जाणारी होडी सुमारे २७-२८ फुटी, दोन्ही टोकांना निमुळती, पातळ फळ्यांची, सहा माणसांची. दोर टबात गोल रचून ठेवलेला, एकेका टबात साधारण बाराशे फूट. दोर मागच्या खुंटाला वेढे देऊन पुढे जातो. हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, लागल्यावर मासा खोल बुडी मारतो तेव्हा खुंटावर दोर इतका घासतो की धूर निघतो, म्हणून त्यावर पाणी मारत राहावं लागतं. दोर रचताना एक पीळ जरी चुकीचा पडला तरी तो वर येताना कोणाच्या हाता-पायात अडकतो आणि माणूस होडीबाहेर ओढला जातो. त्यासाठी कुऱ्हाड हाताशी ठेवलेली असे.

युद्धनौकेचा सांगाडा कुठे कामी येतो, ते मासा मारल्यावर कळतं. मासा जहाजाच्या उजव्या अंगाला, शेपूट पुढे आणि डोकं मागे असा साखळीने बांधतात. मुख्य डोलकाठीच्या माथ्यावरून जाड कप्प्या सोडतात, त्यांच्या टोकाचा आकडा चरबीत अडकवतात आणि पुढचा रहाट फिरवून चरबीचा चार-पाच फूट रुंद पट्टा वर ओढतात. पट्टा सुटत जातो तसा मासा पाण्यात गोल फिरत राहतो. लोंबकळणारा एकेक तुकडा टनाच्या घरात जातो आणि त्यात लाटेचा हिसका. हलकं व्यापारी जहाज यात कुरकुरायला लागतं. तोफांच्या धक्क्यासाठी बांधलेल्या जाड फासळ्या आणि डेकच्या तुळया हा ताण सहज घेतात. तोफा असतात त्या डेकखालची मोकळी जागा चरबी साठवून तोडायलाही सोयीची पडते.

तिथे चरबीचे ठोकळे करून त्यांना पुस्तकाच्या पानांसारखे पातळ काप देतात, म्हणजे तेल लवकर सुटतं. पहिला जाळ लाकडाचा. नंतर कढलेल्या चरबीचे करपट तुकडे झाऱ्याने काढून तेच भट्टीत घालतात. गुऱ्हाळात रस काढलेली चिपाडं काहिलीखाली जातात, तोच हा हिशेब; एकदा भट्टी लागली की बाहेरचं जळण जवळपास लागत नाही. बिघाड दोन प्रकारे होतो. चरबीबरोबर पाणी आत गेलं किंवा पाऊस पडला तर काहील उतू जाते आणि तेल आगीत पडतं. जाळ जास्त झाला तर तेल काळं पडतं आणि लंडनला भाव उतरतो. काढलेलं तेल निववून मगच पिंपात भरायचं, कारण गरम तेलाने लाकूड आकसून पिंप गळायला लागतं. तळघरातल्या भरलेल्या पिंपांवरही नियमित समुद्राचं पाणी मारावं लागे, नाहीतर फळ्या सुकून वर्षभराची कमाई झिरपून जायची.

स्पर्म देवमाशाच्या डोक्यात वेगळाच माल असतो, स्पर्मासेटी. मोठ्या नराच्या डोक्यातून जवळपास १९०० लिटरपर्यंत मिळतं. ते बादलीने उपसतात. हवेत ते थिजतं आणि त्याच्या उत्तम मेणबत्त्या होतात. अंगावरच्या चरबीचं तेल दिव्यांना आणि यंत्रांना. एका मोठ्या नराचं एकूण तेल ८० पिंपांच्या आसपास, मादीचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आगेमागे. दोन हजार पिंपं भरायला किती देवमासे मारावे लागतात याचा हिशेब वाचकानेच करावा, म्हणजे या फेऱ्या दोन-तीन वर्षं का चालत हे समजेल. खलाशांना बांधलेला पगार नसे, तेलातला वाटा असे. पिंपं रिकामी तर खिसाही रिकामा.

१३ जुलै १८१३

पॅसिफिकमधले लंडनचे देवमासेमार पेरूचा किनारा आणि गालापागोस या पट्ट्यात फिरत. गालापागोसला महाकाय कासवं मिळत, जी अन्नपाण्याशिवाय महिनोन्महिने तळघरात जिवंत राहत, म्हणजे फुकटचं ताजं मांस. चार्ल्स बेटावर एक पिंप टपालपेटी म्हणून ठेवलेलं होतं. जाणारे-येणारे त्यात पत्रं टाकत आणि आपल्या दिशेची उचलत. सोय चांगली, पण कोण कुठे आहे हे शत्रूलाही फुकटात कळायचं.

शत्रू आला तो अमेरिकन फ्रिगेट 'एसेक्स'च्या रूपाने. १८१२ मध्ये इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलं होतं. कप्तान डेव्हिड पोर्टर केप हॉर्न ओलांडून मार्च १८१३ मध्ये चिलीतल्या वाल्पाराइसो बंदरात पोचला आणि मग ब्रिटिश झेंडा लावून देवमासेमारांना गाठत सुटला. एकूण बारा जहाजं त्याने घेतली. १३ जुलैला एकाच दिवसात तीन: 'चार्लटन', 'न्यूझीलँडर' आणि 'सेरिंगापटम'. यातली 'सेरिंगापटम' सातव्या देवमासेमारी फेरीवर होती. ती टिपूसाठी बांधली होती ही माहिती पोर्टरच्याच नोंदींतून आपल्यापर्यंत आली आहे.

तिच्याशी तोफांनी लढली ती 'एसेक्स' नव्हे, तर आधी पकडलेलं 'ग्रीनिच' हे देवमासेमारी जहाज. त्यावर कप्तान म्हणून होता मरीन सैनिकांचा, म्हणजे नौदलाच्या जहाजांवरच्या सैनिकांचा, लेफ्टनंट जॉन गॅम्बल. मरीन अधिकाऱ्याकडे जहाज असणं विरळाच, पण पोर्टरकडे जहाजं वाढत होती आणि नौदलाचे अधिकारी संपले होते. 'सेरिंगापटम'ने पळायचा प्रयत्न केला. 'एसेक्स' जवळ येताच तिचा नाइलाज झाला.

तिच्यावर चौदा तोफा होत्या, मग हरली का? इथे माणसांची संख्या येते. सहा किंवा नऊ पौंडी तोफेला किमान चार माणसं लागतात. एका बाजूच्या सात तोफा म्हणजे २८ माणसं. जहाजावर सगळी मिळून तीसएक. मग शिडं कोणी सांभाळायची? देवमासेमारी जहाजावरच्या तोफा एखाद्या भुरट्या लुटारूला घाबरवण्यापुरत्या होत्या. 'एसेक्स'वर मुळात तीनशेच्या वर माणसं होती.

कप्तान विल्यम स्टेव्हर्सची गत आणखी वाईट झाली. त्याने आधीच एक अमेरिकन देवमासेमारी जहाज पकडलं होतं. खाजगी जहाजाने शत्रूचं जहाज पकडायला सरकारी परवाना लागतो, 'लेटर ऑफ मार्क'. तो परवाना त्याच्या हाती पडलेला नव्हता. परवाना असता तर तो युद्धकैदी. नसल्यामुळे पोर्टरने त्याला चाचा ठरवून बेड्या घातल्या. कृत्य तेच, फरक एका कागदाचा.

पोर्टरने जहाजाचा बांधा पाहून त्यावर बावीस तोफा चढवल्या, म्हणजे टिपूच्या मनात जे होतं ते जहाज चौदा वर्षांनी, भलत्याच देशाच्या झेंड्याखाली, पुन्हा झालं. ते सोपं गेलं, कारण सांगाडा मुळातच त्यासाठी होता. माणसं मात्र त्याच्याकडेही पुरेशी नव्हती, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

ऑक्टोबर १८१३ मध्ये तो ताफा घेऊन पॅसिफिकमधल्या मार्केसास बेटांपैकी नुकू हिवाला गेला, 'एसेक्स' दुरुस्त केली, बेट अमेरिकेचं असल्याचं जाहीर केलं आणि डिसेंबरमध्ये लढाई शोधायला परत वाल्पाराइसोकडे निघाला. 'सेरिंगापटम', 'ग्रीनिच' आणि 'सर अँड्र्यू हॅमंड' ही तीन जहाजं, एक छोटा किल्ला आणि कैदी गॅम्बलवर सोपवून गेला. गॅम्बलजवळ वीसएक माणसं, त्यांतली काही मूळची ब्रिटिश देवमासेमार. २८ मार्च १८१४ ला 'एसेक्स' इंग्रजांच्या 'फीबी' आणि 'चेरब' या नौकांपुढे पडली. तिच्या ४६ तोफांपैकी ४० आखूड पल्ल्याच्या होत्या आणि इंग्रजांनी लांबूनच मारा केला. गॅम्बलला हे कळायचा मार्ग नव्हता. पोर्टर येत नाही असं पाहून एप्रिलमध्ये त्याने 'सेरिंगापटम' आणि 'हॅमंड' यांचे दोर-शिडं चढवून निघायची तयारी सुरू केली. याच तयारीने बंडखोरांचं काम सोपं झालं: शिडं नसलेलं जहाज पळवता येत नाही, सजवलेलं येतं.

७ मे १८१४ ला चौदा जणांनी गॅम्बलला बांधलं, किल्ल्याच्या आणि बाकी दोन जहाजांच्या तोफांचे कान खिळे ठोकून बंद केले, बंदुका-दारू घेतली आणि ब्रिटिश झेंडा चढवला. गडबडीत गॅम्बलच्या टाचेला गोळी लागली. त्याला गळक्या होडीत सोडून ते निघाले. दोन दिवसांनी बेटवासीयांच्या हल्ल्यात त्याची चार माणसं मेली. त्याने 'ग्रीनिच' जाळली आणि उरलेल्या सातआठ जणांना घेऊन 'हॅमंड'मधून हवाईकडे गेला. तिथे 'चेरब'ने त्याला पकडलं.

बंडखोर सिडनीला का गेले? दक्षिण अमेरिका पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. सिडनी सुमारे साडेसात हजार किलोमीटर, पण बराच काळ वारा पाठीशी. शिवाय ती ब्रिटिश वसाहत, जिथे चोरी न ठरता जहाज सोडवल्याचं श्रेय मिळण्याची शक्यता. जुलैमध्ये ते पोचले. ब्रिटिश कायद्यात शत्रूकडून सोडवलेलं जहाज मूळ मालकाला परत जात असे आणि मालकाने सोडवणाऱ्याला ठरावीक हिस्सा द्यायचा. त्यात एक मेख होती: शत्रूने मधल्या काळात ते युद्धनौका म्हणून सज्ज केलं असेल तर मालकाचा हक्क जात असे. पोर्टरच्या बावीस तोफांमुळे हा मुद्दा अगदीच कल्पनेतला नव्हता. तरी जहाज मालकांकडे गेलं आणि पुढची कित्येक वर्षं पुन्हा देवमासेमारीतच राहिलं.

जुन्या नोंदी चाळणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. याच नावाची दुसरी नौका आहे, ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट, १८१९ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेली. तिच्या नाळेवरचं शिल्प, म्हणजे मोठ्या पक्ष्यावर बसलेला, हातात छत्री धरलेला टिपू, लंडनजवळ ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. ती ४६ तोफांची आणि आकाराने कितीतरी मोठी. नोंदीत ३५७ टन आणि तेलाची पिंपं दिसली तर ती आपली, आणि कॅप्टनच्या नावापुढे शाही नौदलाचा हुद्दा दिसला तर ती मुंबईची.